खिशातला पांढरा दगड

सलिना कोबिलोला धावणाऱ्या माणसांची किळस यायची, आणि गेली अकरा वर्षं ती त्यांनाच रांधून घालत होती. इटेन गावाच्या उंच कड्यावर कोच बार्नाबासचा धावपटूंचा कँप होता. सकाळी सातच्या सुमारास चौदा जणं वीस-वीस किलोमीटर धावून आवारात शिरायची ती नाकं शिंकरत, पचापच थुंकत. थुंकायला त्यांना नेमकी तिच्या स्वयंपाकघरामागचीच जागा सापडायची. ओले मोजे तिच्या चुलीवरच्या दोरीवर लटकायचे. घाम वाळला की बनियनवर मिठाचे पांढरे चट्टे, भुवयांत मीठ, कानामागे मीठ. तशातच एखादा हात न धुता मक्याच्या पिठाच्या घट्ट उगालीच्या पातेल्यात बोटं घालायला यायचा आणि सलिना त्याच्या मनगटावर लाकडी उलथनं हाणायची.

"तुमच्यापेक्षा शेळ्या बऱ्या," ती म्हणायची. "त्याही घाण करतात, पण वर टाळ्या मागत नाहीत."

पोरं हसायची. तिला सगळे कोगो, म्हणजे आजी, म्हणत. पन्नाशी गाठलेला बार्नाबासही चारचौघांत तिला कोगोच म्हणायचा. ती मात्र त्याला अरेतुरे करायची, कारण तिचा मेलेला नवरा पोलिसात असताना हा त्याच्या हाताखालचा शिपाई होता आणि त्याचे बूट पुसायचा.

कशाचाही अभिमान न बाळगणाऱ्या या बाईला एका गोष्टीचा मात्र होता, तिच्या चहाचा. अर्धं दूध, अर्धं पाणी, मूठमूठ साखर, पत्ती कडक उकळलेली. घास तोंडात गेला की चहाचा मग हातात हवाच. न्याहारीला चहा, दुपारच्या उगाली आणि पालेभाजीबरोबर चहा, रात्रीच्या राजम्याबरोबर चहा. कुणाचा मग अर्धा रिकामा दिसला की ती न विचारता भरायची. दुसऱ्या कँपातली पोरं काहीतरी निमित्त काढून जेवणाच्या वेळेला इकडे घुटमळायची, आणि तिला त्यांचीही किळस यायची, पण चहा त्यांनाही मिळायचा.

शनिवारी बोकड कापायचे. वाटणी सलिनाच करायची. काळीज आणि गुरदे बार्नाबासला आणि झाडाखालच्या बाकावर बसलेल्या थोरांना. मांड्या आणि बरगड्या पोरांना. चार मुली होत्या, त्यांना मान, आतडी आणि रस्सा. असं वाटायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिची आई असंच वाटायची. बार्नाबास बोटं चाटत काळीज संपवायचा, दातांत अडकलेला तुकडा नखानं काढायचा, तो निरखायचा आणि पुन्हा तोंडात टाकायचा. सलिना तेव्हा मुद्दाम चुलीकडे तोंड फिरवून उभी राहायची.

एके काळी ती स्वतःही धावली होती. शाळेत असताना दीड हजार मीटरमध्ये जिल्ह्याला पहिली आली, तिला एक टॉवेल मिळाला. मग लग्न झालं. नवरा धावायचा, पोलिसांच्या संघात होता, आणि तो धावून आला की आधी तो जेवायचा. सलिना पाणी आणायची, मक्याची खुरपणी करायची, पोरं जन्माला घालायची. चार वेळा ती पोटुशी राहिली, आणि चारही वेळा सासूनं तिला नदीकाठचा पांढरा मऊ दगड आणून दिला. पोटुशी बाई दगड खाते हे कड्यावरच्या आणि खालच्या केरिओच्या खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाजारात टोमॅटोच्या ढिगाशेजारी तो विकायला असतो. सलिनानं तो कराकरा चावून खाल्ला होता, रात्री उठून खाल्ला होता, लाज सोडून मागून खाल्ला होता. मूल झालं आणि पुढे अंगात थोडी धुगधुगी आली की तिला त्या दगडाची इतकी शिसारी बसायची की त्याचा ओला, मातकट वासही नकोसा व्हायचा.

त्या मंगळवारी ती बाजारात पालेभाजी घ्यायला गेली. दगड विकणारी बाई तिला म्हणाली, "कोगो, तुमची ती उंच पोरगी आली नाही या वेळी? दर मंगळवारी पिशवी भरून नेते."

"कुठली उंच?"

"तीच हो. लाल टोपीवाली. खोऱ्यातली."

लाल टोपी जेरोटिचची होती. सलिनानं भाजी घेतली आणि परतीच्या वाटेवर तिचं डोकं फिरलं. जेरोटिच वीस वर्षांची, आठ महिन्यांपूर्वी खोऱ्यातून वर आलेली. आल्याआल्या तिनं दोन पोरांना मागं टाकलं होतं. पाच आठवड्यांनी पोलिसांच्या संघाची निवड होती, आणि तिथे पहिल्या सहांत आली तर पोरगी नोकरीला लागणार होती, जन्माचं कल्याण. बार्नाबासनं यादीत मुलींपैकी एकटीचं नाव घातलं होतं, तिचं. अलीकडे मात्र ती सगळ्यांच्या मागून यायची. पायरीवर बसून धापा टाकायची, पाण्याची बादली उचलली की भिंतीला धरायची. सलिना ते बघत होती. आता तिनं दोन आणि दोन चार केले.

असं आधी दोनदा झालं होतं. बार्नाबासचा पुतण्या रूबेन मुलींच्या पुढे धावून त्यांना वेग द्यायचा, आणि तीन वर्षांत दोन मुली पोट घेऊन परत गेल्या. कँपचा नियम होता, पोटुशी मुलगी सूर्य मावळायच्या आत घरी. रूबेनला कसलाच नियम नव्हता. दुसरी मुलगी गेली त्या आठवड्यात त्याला नवे बूट मिळाले. सलिना त्याच्या ताटात उगाली वाढायची ती वरून टाकायची, हात लागायला नको म्हणून.

म्हणून ती सरळ बार्नाबासकडे गेली. त्याला तोंडघशी पाडायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

"बार्नाबास, तुझ्या घराण्याचा पराक्रम ऐक. जेरोटिच दगड खातेय. पिशवी पिशवी. आता तिसरी. तुझ्या त्या वळूला आता तरी दावणीला बांध, नाहीतर मी सगळ्या इटेनला सांगेन."

बार्नाबास बनियन वर करून पोट खाजवत होता. खाजवायचा थांबला.

"दगड? नक्की?"

"बाजारात सगळ्यांना माहीत आहे. तुलाच काय ते नवल."

"बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला. रूबेनचं नावही त्यानं काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धावून आल्यावर सगळे मग घेऊन बसले होते. बार्नाबास आला आणि म्हणाला, "जेरोटिच, खिसे रिकामे कर."

तिला आधी कळलंच नाही. मग तिनं जॅकेटच्या खिशात हात घातला. चावलेला, एका बाजूनं ओला, पांढरा दगड बाहेर आला. पोरं फिसकन हसली. कुणीतरी विचारलं, "मुलगा की मुलगी?" आणि पुन्हा हशा पिकला. रूबेन सगळ्यांत मोठ्यानं हसला. सलिनाच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तेव्हाही तिचा सगळा राग रूबेनवर होता.

"मी तशी नाही," जेरोटिच म्हणाली. "कोच, देवाशपथ. मला नुसतं खावंसं वाटतं. थांबवताच येत नाही."

"सगळ्याच असं म्हणतात. संध्याकाळच्या आत सामान भर. यादीत तुझ्या जागी दुसरीचं नाव टाकलंय. आज निवड समितीचे साहेब येतायत, मला त्यांच्यापुढे तमाशा नको. कोगो, बोकड आजच कापा."

तासाभरानं सलिना चुलीमागे लाकडं फोडत होती, तेव्हा जेरोटिच तिच्यासमोर येऊन उभी राहिली. पाठीमागे लपवलेला हात तिनं पुढे केला. हातात कापडाची घडी होती, रक्तानं जड झालेली.

"बघ," ती म्हणाली. "कोगो, नीट बघ. पोटुशीला हे येतं का? चार दिवस झालेत. दर महिन्याला सात-आठ दिवस असंच चालतं. त्यांना कसं दाखवू? तूच सांग, झाडाखाली जाऊन दाखवू?"

सलिनानं तोंडावर हात दाबला. पोरीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण तिचे ओठ कागदासारखे पांढरे पडले होते, आणि ते गेले कित्येक आठवडे तसेच होते हे सलिनाला आत्ता दिसलं. कुऱ्हाड टाकून ती म्हणाली, "झाक ते. चल दवाखान्यात."

दवाखान्यात नर्स एकटीच होती. तिचं नाव एव्हलिन, चाळिशीची, फटकळ. तिनं बाटलीत लघवी घेतली, बोट टोचून रक्त घेतलं आणि थोड्या वेळानं दोन्ही कागद टेबलावर ठेवले.

"पोट-बीट काही नाही. रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, साडेआठ आहे. इथे कड्यावर हवा विरळ, धावणाऱ्या पोरीचं तेरा तरी हवं. ही रोज किती धावते?"

"सकाळी वीस, संध्याकाळी आठ-दहा," जेरोटिच म्हणाली.

"या रक्तावर? बाई, तू उभी आहेस हेच खूप झालं." एव्हलिन सलिनाकडे वळली. "अंगातलं लोह संपलंय. धावणाऱ्याचं असंच होतं. घामातून मीठ जातं ते तुम्हाला कपड्यांवर दिसतं, म्हणून त्याची काळजी करता. लोह जाताना दिसत नाही. थोडं घामातून जातं, थोडं पावलं आपटून आपटून तळव्यात रक्त फुटतं त्यातून, आणि बाईचं दर महिन्याला जातं ते वेगळंच. ऑफिसात बसणारीला जेवढं लागतं त्याच्या किती तरी पट हिला लागतं. ते कमी पडलं की जीव माती-दगडाकडे धावतो. पोटुशीचंही तेच असतं, म्हणून ती खाते. आणि दगडानं काही भरून येत नाही, उलट पोटात जे असेल तेही अडतं. जेवायला काय असतं?"

सलिनाला तेवढं तरी ठाऊक होतं. ती तोऱ्यात म्हणाली, "माझ्याकडे उपाशी कुणी राहत नाही. हिरवी पालेभाजी रोज. राजमा रोज. उगाली पोटभर."

"उत्तम. सगळं लोहाचंच. चहा?"

"तो तर हवाच. इटेनमध्ये माझ्यासारखा चहा कुणी करत नाही. घासागणिक घोट."

एव्हलिननं पेन खाली ठेवलं. "घासागणिक?"

"मग? कोरडं कसं गिळणार?"

"मग भाजीत आणि राजम्यात जे होतं ते तुमच्या चहानं अडवलं, कोगो. कडक चहा पोटात असला की पाल्यातलं लोह अंगाला लागतच नाही, तसंच खाली निघून जातं. चहा प्यायचा तर जेवणानंतर दीड-दोन तासांनी प्यावा. मांसातलं लोह लवकर लागतं, सगळ्यांत जास्त काळजातलं. काळीज किती खाते ही?"

उत्तर जेरोटिचनं दिलं. "काळीज आम्हाला नसतं. ते थोरांचं."

"थोर काय करतात? धावतात?"

"बसतात," जेरोटिच म्हणाली.

एव्हलिननं तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या. संत्र्याबरोबर घे, चहाबरोबर अजिबात नको, असं बजावलं. दगडाची ओढ आठ-पंधरा दिवसांत जाईल, पण रक्त भरायला तीन महिने लागतीलच, तोवर निम्मं धाव, असंही सांगितलं. पाच आठवड्यांनी निवड आहे म्हटल्यावर तिनं नुसती मान हलवली. "दोन महिने आधी आणलं असतंत तर," ती म्हणाली.

परतताना दोघी बोलल्या नाहीत. सलिनाला आठवत होती आपली चार गरोदरपणं. भिंतीला धरून चालणं, डोळ्यांपुढची अंधारी, आणि मोठ्या अदबीनं आधी नवऱ्यासमोर ठेवलेलं काळीज. तिची स्वतःची चाल मंद झाली होती तेव्हा सगळे म्हणाले होते, बाईचं असंच असतं. तिनंही तेच म्हटलं होतं. आणि अकरा वर्षं मग भरभरून ती या पोरींच्या ताटातला कस धुऊन टाकत होती, वर मिरवतही होती. तिला आपल्या हातांची किळस आली. अशी किळस तिला कधी रूबेनचीही आली नव्हती.

पण कागद हातात होता. पोरगी निर्दोष होती आणि ते लिहून दिलेलं होतं. तिनं तो बार्नाबासच्या पुढ्यात ठेवला.

त्यानं दोनदा वाचला. "म्हणजे पोटुशी नाही. ठीक. पण तीन महिने गोळ्या लिहिल्यायत. निवड पाच आठवड्यांनी. मला फरक काय पडला, कोगो? आजारी घोडं नेऊन मी साहेबांपुढे नाक कापून घेऊ?"

"तिला सगळ्यांसमोर हसलात. सगळ्यांसमोर सांग की ती तशी नव्हती."

"सांगायचं काय त्यात. दगड तर खातच होती ना?"

चार वाजता साहेब आले. जाडजूड जॅकेट, चकचकीत बूट. बाकावर बसले, शेजारी बार्नाबास, पलीकडे गावातले दोन म्हातारे. चौदा जणं ताटं घेऊन खाली गवतावर बसली. जेरोटिच आपलं गाठोडं मांडीशी घेऊन मुलींच्या टोकाला होती. खोऱ्यात जाणारी गाडी पाचची होती. सलिना निखाऱ्यावरून काळीज उतरवून घेऊन आली, आणि बाकाजवळून तशीच पुढे गेली. मुलींच्या मधोमध तिनं ते पाटासकट ठेवलं आणि सुरी घेऊन कापायला बसली.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"कोगो," बार्नाबास हसत म्हणाला, साहेबांकडे बघत. "उन्हानं डोकं फिरलं का? थोर इकडे बसलेत."

"बसलेतच," सलिना म्हणाली. "बसणाऱ्याला कशाला हवंय काळीज? ज्यांचं रक्त रोज तुझ्या रस्त्यावर सांडतं त्यांच्या ताटात जाईल ते. आजपासून. आणि जेवताना चहाही नाही, कुणालाच. दोन तासांनी मिळेल. ज्याला पटत नसेल त्यानं दुसरी रांधणारी शोधावी, उलथनं तिथे खुंटीला आहे."

एक म्हातारा पुटपुटला की बायकांना काळीज घातल्याचं त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नाही. "आता पाहा," सलिना म्हणाली. मग ती साहेबांकडे वळली. "आणि साहेब, सकाळी या पोरीला पोटुशी म्हणून यादीतून काढलं. ती पोटुशी नाही. हा दवाखान्याचा कागद. तिच्या अंगात रक्त नाही, कारण आम्ही ते तिला मिळू दिलं नाही."

साहेबांनी कागद घेतला, वाचला, आणि अवघडून खोकले. यादी वर गेली आहे, या वर्षी काही करता येणार नाही, पुढच्या वर्षी बरी होऊन यावी, असं ते म्हणाले. सगळ्यांसमोर पडलेलं तोंड सावरायला बार्नाबासला तेवढं पुरलं. "हो, हो. पोरगी राहू दे की. कोण नाही म्हणतंय? बरी हो, निम्मं धाव, पुढच्या वर्षी बघू. जेरोटिच, सोड ते गाठोडं."

बाकीच्या तिघी मुली काळजाकडे बघत होत्या, हात कुणी लावत नव्हतं. जेरोटिचनं एक तुकडा उचलला. ती सावकाश चावत राहिली, गिळला, मग दुसरा उचलला. सलिनाला वाटलं, राहिली पोरगी. तिच्या छातीवरचा धोंडा जरासा हलला.

"कोगो," जेरोटिच खालच्या आवाजात म्हणाली, "दगडाचं कोचला कुणी सांगितलं?"

बाजारातली बाई होती. तिचं नाव घेणं सोपं होतं, आणि ते अगदी खोटंही ठरलं नसतं.

"मी," सलिना म्हणाली.

जेरोटिचनं तोंडातला घास संपवला. बोटं गवताला पुसली, गोळ्यांची पुडी गाठोड्यात नीट आत सारली आणि ती उभी राहिली.

"आठ महिने तू माझा मग भरतेयस," ती म्हणाली. "एकदा मला विचारायचं होतंस."

आणि ती फाटकाकडे चालू लागली. सलिना सुरी हातात धरून बसून राहिली. मागून बार्नाबास विचारत होता की मग उरलेलं काळीज आता बाकावर पाठवायला काय हरकत आहे.